हाकेला ओ

परवाचीच गोष्ट. आमच्या बचत गटातल्या बायकांसाठी आम्ही गावातल्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर घेतलं होतं. आपण बायका स्वतःच्या डोळ्यांकडे कधी बघतो? सुईत दोरा ओवायला नातवंडाला बोलवावं लागलं, तांदळातले खडे दिसेनासे झाले, की मग आठवण होते. सगळ्यांचं होत आलं तेव्हा मैत्रिणींनी मलाही धरून खुर्चीत बसवलं. समोर तोच तो अक्षरांचा तक्ता. नाकावर जड फ्रेम. डॉक्टर एकेक काच घालायचे आणि विचारायचे, आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं? मी सांगायची, मघाशी. मग दुसरी काच. असं करत करत माझा नंबर निघाला आणि चाळिशीवर शिक्कामोर्तब झालं!

घरी आले तर भाची आलेली. ती पुण्याला मोबाईलच्या कामात इंजिनिअर आहे. तिला म्हटलं, बाई गं, एक सांग. ओसरीवर फोनला भरभरून रेंज असते आणि माजघरात गेलं की गुल, असं का? ती आधी हसली. मग माझा डोळे तपासणीचा किस्सा ऐकून म्हणाली की मावशी, तुला निम्मं उत्तर डॉक्टरांनीच दिलंय. आणि उरलेलं निम्मं जगदीशचंद्र बोस यांच्याकडे आहे.

मी बुचकळ्यातच पडले. जगदीशचंद्र बोस म्हणजे झाडांना संवेदना असतात हे सांगणारे ना? शाळेच्या पुस्तकात लाजाळूच्या झाडाशेजारी त्यांचा फोटो असायचा. मी कला शाखेची पदवीधर, विज्ञानाला चार हात लांब ठेवलेली. पण उत्सुकता स्वस्थ बसू देईना. वाचनालयातून पुस्तकं आणली, भाचीला फोन करकरून भंडावलं. आणि मैत्रिणींनो, जे हाती लागलं ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मैमनसिंगचा. आज ते गाव बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी, डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्या काळी साहेबाच्या नोकरीतला माणूस मुलाला इंग्रजी शाळेत घालायचा. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेतच घातलं. माणसाला आधी आपली भाषा आणि आपली माणसं कळावीत, ही त्यांची धारणा. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. मासे, किडे, पाण्यातले जीव यांच्या गोष्टी तो या सवंगड्यांकडून ऐकायचा. ते घरी आले की आई बामासुंदरी तिघांनाही एकाच मायेने खाऊ घालायची. आई जुन्या वळणाची होती, तरी तिच्या पंक्तीला भेद नव्हता. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही!

घरात एक नोकर होता, तो पूर्वीचा दरोडेखोर. भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा दिली होती. सुटून आल्यावर त्याला कोण काम देणार? भगवानचंद्रांनी दिलं. छोटा जगदीश त्याच्या खांद्यावर बसून शाळेत जायचा आणि दरोड्यांच्या गोष्टी ऐकायचा. गावात जत्रेची नाटकं लागत, त्यात त्याचा आवडता नायक कोण? कर्ण. हरत असूनही न वाकणारा.

कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ यांनी त्याला विज्ञानाची गोडी लावली. पुढे इंग्लंडला जायचं ठरलं, पण वडील तोवर कर्जात बुडालेले. लोकांच्या भल्याच्या उद्योगांत पैसा घातलेला, तो आलाच नाही. आईचा आधी विरोध होता. एक मुलगा लहानपणीच गेलेला, आता हाही सातासमुद्रापार जाणार. पण मुलाची ओढ बघून तिनेच मन घट्ट केलं आणि दागिने मोडायची तयारी दाखवली. मैत्रिणींनो, आपल्याकडेही किती मुलांच्या शिक्षणामागे आईच्या पाटल्या-बांगड्या असतात, त्याचा हिशेब कुठल्याच पुस्तकात नसतो.

१८८० मध्ये जगदीशचंद्र लंडनला पोचले, डॉक्टर व्हायला. पण अंगात ताप मुरलेला, शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सोसेना. वर्षभरात वैद्यकी सोडावी लागली. मग केंब्रिजला विज्ञान शिकले. तिथे लॉर्ड रॅलेंसारखे गुरू मिळाले. १८८५ मध्ये ते परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

आणि इथे खरी कसोटी लागली. हिंदी प्राध्यापकाला गोऱ्या प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार, हा तेव्हाचा रिवाज. त्यात यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे काम तेवढंच आणि पगार एक-तृतीयांश! जगदीशचंद्रांनी भांडण केलं नाही, नोकरीही सोडली नाही. त्यांनी पगारच घेतला नाही. एक नाही, दोन नाही, तब्बल तीन वर्षं! रोज वेळेवर जायचे, मन लावून शिकवायचे आणि पैसे नाकारायचे. घरावर कर्ज होतं तरीही. अखेर सरकारला ओ द्यावी लागली. नेमणूक कायम झाली आणि मागच्या तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी मिळाला. तो वडिलांच्या कर्जात गेला.

याच हलाखीच्या दिवसांत, १८८७ मध्ये, त्यांचं लग्न झालं. पत्नीचं नाव अबला. समाजसुधारक दुर्गामोहन दास यांची ही मुलगी. नाव अबला, पण बाई कशी होती ते पाहा. तिला डॉक्टर व्हायचं होतं. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून १८८२ मध्ये ती थेट मद्रासला गेली, तीही सरकारी शिष्यवृत्ती मिळवून. पण तब्येतीने दगा दिला आणि शिक्षण अर्धवट राहिलं. म्हणजे दोघांनाही डॉक्टर व्हायचं होतं आणि दोघांचंही राहिलं. पतीला दुसरी वाट मिळाली. तिच्या वाट्याला संसार आला, तोही बिनपगारी प्राध्यापकाचा! कलकत्त्यातलं भाडं परवडेना म्हणून ते हुगळी नदीकाठी चंदननगरला राहिले. सकाळी नावेतून नदी ओलांडायची, पलीकडून जगदीशचंद्र आगगाडीने कॉलेजला जायचे आणि नाव वल्हवत परत आणायची अबलादेवी. हे चित्र मला फार आवडतं.

आता येते ती रेंजची गोष्ट.

१८९४ मध्ये, छत्तिसाव्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी संशोधनाला वाहून घ्यायचं ठरवलं. कॉलेजने प्रयोगशाळा दिली नाही. न्हाणीघराला लागून असलेली चोवीस चौरस फुटांची जागा, म्हणजे आपल्या देवघरापेक्षा जरा मोठी. हाताशी एक टिनकाम करणारा कारागीर. तेव्हा युरोपात हर्ट्झ यांनी दाखवून दिलं होतं की डोळ्यांना न दिसणाऱ्या विजेच्या लहरी हवेतून जातात. पण त्या लहरी लांबच लांब. त्यांचे प्रयोग करायला दालनं लागायची. जगदीशचंद्रांकडे तर खोपटं! म्हणून त्यांनी लहरीच लहान केल्या. अडीच सेंटिमीटरपासून ते पाच मिलिमीटरपर्यंत, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या! गरिबी अशीही कामाला येते.

लहान लहरींचा मोठा गुण असा की त्यांचा बारीक झोत करता येतो. कंदील आणि बॅटरी यांतला फरक आपल्याला लोडशेडिंगने चांगलाच शिकवला आहे. कंदिलाचा उजेड चहूकडे पसरतो, बॅटरीचा एकाच दिशेला जातो आणि लांब पोचतो. जगदीशचंद्रांनी या लहरींसाठी भिंगं बनवली, नरसाळ्यासारखी तोंडं बनवली. लहरींची गाळणी म्हणून त्यांनी काय वापरावं? पिळलेल्या तागाचे धागे, आणि रेल्वेचं वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक, ज्याच्या पानापानांत कथलाचा वर्ख घातलेला! १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी लोकांसमोर प्रयोग केला. बंद भिंतींपलीकडून अदृश्य लहर आली, तिने घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. मधे तार नाही, काही नाही. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हीच उपकरणं दाखवली. अबलादेवी या प्रवासात सोबत होत्या.

त्यांच्या टेबलावर लहर सोडणारं यंत्र एका टोकाला आणि झेलणारं दुसऱ्या टोकाला. दोन्हींची तोंडं हाताने समोरासमोर करायची की झालं. पुढे १९२७ मध्ये आपल्या खडकी आणि दौंडला बिनतारी केंद्रं उभी राहिली, इंग्लंडशी झोताने बोलणारी. तिथेही एकदा दिशा धरली की काम भागलं, कारण इंग्लंड काही जागचं हलत नाही.

पण मोबाईल? तो तर आपल्या पिशवीत, कमरेला, एस.टी.त, शेतात, माजघरात! जुने टॉवर बरेचसे कंदिलासारखे होते, उजेड सगळीकडे पसरायचा. आपल्या देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह जी सुरू झालं. त्याच्या सगळ्यात वरच्या पट्ट्यातल्या लहरी जगदीशचंद्रांच्या लहरींच्याच घराण्यातल्या, सेंटिमीटर-मिलिमीटरच्या. त्या खूप माहिती वाहतात, पण नाजूक आहेत. भिंत, झाडाची पानं, आपला तळहात मधे आला तरी अडतात. बहुतेक ठिकाणी वापरात असलेल्या लहरी याहून लांब असतात, पण झोताची युक्ती तिथेही कामाला येते. मग चालत्या-फिरत्या माणसावर बॅटरीचा झोत धरायचा कसा? टॉवरला काय डोळे आहेत?

इथे माझा डोळ्यांचा डॉक्टर आला बघा. टॉवर एकापाठोपाठ एक वेगवेगळ्या दिशांना झोत टाकतो आणि प्रत्येक झोतातून एक ठरलेली खूण पाठवतो. तिला रेफरन्स सिग्नल म्हणतात. त्या खुणेत बातमी नसते, निरोप नसतो. ती फक्त ओळखीची हाक. कशी असणार हे फोनला आधीच ठाऊक असतं, जसा डॉक्टरांचा तो तक्ता. तक्त्यातली अक्षरं वाचून आपल्याला काही ज्ञान मिळत नाही, पण ती ठरलेली असतात म्हणूनच काच बरी की वाईट हे कळतं. फोन प्रत्येक झोतातली हाक ऐकतो, कुठली ठणठणीत आली ते मोजतो आणि टॉवरला कळवतो की अमुक नंबरची बरी. वरच्या पट्ट्यात अशा चौसष्टपर्यंत दिशा असतात, खालच्या पट्ट्यांत चार किंवा आठ. आणि ही फेरी साधारणपणे सेकंदात पन्नास वेळा होते!

आधी जाड काच, मग बारीक, तसंच इथेही. पहिल्या हाका रुंद झोतांच्या. त्यातून दिशा कळली की त्याच बाजूला आणखी बारीक झोतांच्या हाका. फोनही स्वस्थ बसत नाही. आपण कान टवकारून डोकं वळवतो ना, तसा तोही आपली ऐकण्याची दिशा बदलून बघतो. आणि मधेच एखादी बस आडवी आली, झोत तुटला तर? फोन उरलेल्या हाकांमधून त्यातल्या त्यात बरी निवडतो आणि टॉवरला आपणहून साद घालतो. रुसून बसत नाही. या सगळ्याला इंजिनिअर मंडळी बीम मॅनेजमेंट म्हणतात, झोताचा कारभार. माजघरात रेंज जाते ती का, हेही मला कळलं. आमच्या जुन्या घराच्या जाड भिंतींत हाकच विरून जाते, मग ओ कुणाला देणार!

ऐकून माझ्या मनात आलं, हाक आणि ओ हीच तर जगदीशचंद्रांच्या आयुष्याची गोष्ट आहे.

१८९९ च्या सुमारास त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. लहरी झेलणारं त्यांचं यंत्र सतत वापरलं की मंद व्हायचं आणि विसावा दिला की पुन्हा ताजंतवानं. निर्जीव धातू दमतो? माणसाच्या स्नायूसारखा? बिनतारीची वाट सोडून ते या प्रश्नामागे लागले. धातूला टोचा, झाडाला टोचा, स्नायूला टोचा आणि उत्तर कसं येतं ते बघा. म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं लाजाळूचं झाड आणि माझ्या फोनची रेंज यांचा उगम एकाच टेबलावरचा! झाडाची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी पुढे बनवलं.

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. लंडनच्या काही नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांना उडवून लावलं, निबंध छापायचे थांबवले. पदार्थविज्ञानाच्या माणसाने सजीवांच्या प्रांतात येऊ नये, हा सूर. त्यांचे काही निष्कर्ष पुढेही वादाचे राहिले. पण झाडांच्या अंगातून विजेचे संकेत जातात, हे आज शास्त्राला मान्य आहे.

या कठीण काळात त्यांच्या हाकेला ओ दिली ती दोन परदेशी स्त्रियांनी. एक भगिनी निवेदिता आणि दुसऱ्या अमेरिकेच्या सारा बुल. निवेदितांनी त्यांच्या ग्रंथांचं लेखन-संपादन करू लागलं. जगदीशचंद्रांना शोधावर मालकी सांगून पैसा करणं पटत नसे. पेटंटची एक मोठी लालूच त्यांनी नाकारली होती. निवेदिता आणि सारा बुल यांनी मात्र धरून बसून १९०१ मध्ये अमेरिकेत लहरी पकडणाऱ्या उपकरणाच्या पेटंटचा अर्ज करवला. १९०४ मध्ये ते मिळालं, आणि या गृहस्थाने पुढे त्याचा उपयोगच केला नाही! १९११ मध्ये दार्जिलिंगला निवेदितांनी डोळे मिटले, तेव्हा बोस पतिपत्नीच त्यांच्याजवळ होते.

३० नोव्हेंबर १९१७ ला, एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस विज्ञान मंदिर उभं केलं. तिथे हाती दिवा घेतलेल्या एका स्त्रीचं शिल्प आहे. ती निवेदितांची आठवण. १९२० मध्ये ज्यांनी हिणवलं त्याच लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला त्यांचं निधन झालं. आणि २०१२ मध्ये जगभरच्या विद्युत इंजिनिअरांच्या आयईईई या संस्थेने १८९४ ते ९६ मधल्या त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान दिला. सव्वाशे वर्षांपूर्वीची हाक, ओ यायला किती उशीर!

आणि अबलादेवी? गोष्ट इथे संपवली तर मला रात्री झोप लागायची नाही.

पतीबरोबर देशोदेशी हिंडताना त्या तिथल्या शाळा बघत होत्या. १९१० पासून त्यांनी ब्राह्मो बालिका शिक्षालयाचं काम सांभाळलं. १९१९ मध्ये त्यांनी नारी शिक्षा समिती काढली आणि बंगालच्या खेड्यापाड्यांत मुलींच्या शाळा सुरू केल्या. मग प्रश्न आला, शिकवायला बायका कुठून आणायच्या? उत्तर त्यांना घराघरांतल्या कोपऱ्यात सापडलं. तरुण विधवा! विद्यासागर वाणी भवन काढून त्यांनी या बायकांना शिक्षिका व्हायचं शिक्षण दिलं. आपल्याकडे हिंगण्याला अण्णा कर्वे करत होते, तसंच. त्यांची बहीण सरला राय यांनी तर १९२० मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा काढली, ती आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने. अबलादेवी १९५१ मध्ये गेल्या. डॉक्टर व्हायचं राहून गेलं, पण त्या रडत बसल्या नाहीत. एक झोत तुटला, तर दुसरी दिशा धरली.

बचत गटाचं काम करताना माझी नेहमी एक तक्रार असायची. इतकं सांगतो, पण बायका ऐकत नाहीत! सभा घेतो, माईकवरून बोलतो आणि पुढे काही होत नाही. आता वाटतं, मी कंदील लावून बसले होते. प्रत्येकीकडे वळून आता कळतंय का, की मघाशी बरं होतं, असं विचारलंच कुठे? आणि ती जे सांगेल त्याप्रमाणे स्वतःला थोडं वळवलं कुठे?

गेल्या आठवड्यापासून मी सभा बंद करून घरोघर जायला लागले आहे. पहिल्याच दिवशी एकीने सांगितलं की सभेची वेळ तिच्या धारेच्या वेळेला असते, म्हणून ती दोन वर्षं आलीच नव्हती. एवढं साधं! ओ तिच्याकडे तयारच होती. हाक मारणारीची दिशा चुकत होती.